कापूस, पट्टा आणि तीन वर्षांचं अंतर

माझा उजवा गुडघा ठणठणीत आहे. डावाही आहे. हे मुद्दाम आधीच सांगून टाकतो, कारण गेली बेचाळीस वर्षं आमच्या गल्लीत या विषयावर मोठा गैरसमज आहे. परवाच पोस्टाच्या रांगेत मागच्या माणसाने मला स्टूल आणून दिलं. म्हणाला, "बसा काका, तुमच्या गुडघ्याचं माहीत आहे आम्हाला." हा माणूस जेमतेम पस्तिशीचा. म्हणजे माझा गुडघा त्याच्या जन्माआधीपासून दुखतोय, आणि ही बातमी त्याला घराबरोबर वारसाहक्काने मिळालेली. मी निमूट बसलो. खरं सांगायला गेलो असतो तर गोष्ट गुडघ्यावर थांबली नसती, आणि पोस्टाच्या रांगेत सांगण्यासारखी ती नाही.

तुम्हाला सांगतो.

धाकटा तेव्हा तीन महिन्यांचा होता आणि थोरली पावणेदोन वर्षांची. पहिलीची दुपटी दोरीवरून उतरायच्या आत दुसऱ्याची वर चढली होती. हे बाळंतपण बायकोला जड गेलं. रक्त फार गेलं. ही खोली झाडायला घ्यायची आणि निम्म्यात भिंतीला टेकून उभी राहायची. मी बघतोय असं दिसलं की झाडू वर करून जळमटं काढत असल्यासारखं करायची. त्या महिन्यात आमच्या घरात एकही जळमट उरलं नव्हतं. शेवटी मी तिला डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेलो.

डॉक्टरीणबाई हाडाच्या चांगल्या, पण बोलणं तारेसारखं. शब्द मोजून. हिच्या डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली, नखं पाहिली, आणि नर्सबरोबर हिला बाळाचं वजन करायला आत पाठवलं. मग माझ्याकडे वळल्या.

"रक्त सात आहे. बारा पाहिजे. इतक्यात पुन्हा दिवस गेले तर मी हमी देणार नाही. कळतंय ना मी काय म्हणते?"

मी मान हलवली.

"तीन वर्षं अंतर ठेवा. पुढचा पेशंट."

आता यात माझी चूक कितपत, हे तुम्हीच ठरवा. मी नोकरीला मोजणी खात्यात. आमच्या खात्यात अंतर म्हणजे दोन खुणांमधली सरळ रेषा, फीत ताणून घेतलेली, फूट आणि इंचांत. मुलांमध्ये अंतर असतं आणि ते वर्षांत असतं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. मी माझ्या परीने साधा अर्थ लावला: खुणा दोन, एक मी आणि एक ही; मुदत तीन वर्षं.

त्याच संध्याकाळी मी माझी खाट गॅलरीत नेली.

गॅलरी म्हणजे अडीच फूट रुंदीची पट्टी. तिथे वडिलांच्या वेळची एक पत्र्याची पेटी होती, ती आधी सरकवावी लागली. पेटीत कापूस. दुकानातल्या निळ्या कागदात गुंडाळलेल्या कापसाच्या गुंडाळ्याच गुंडाळ्या. लहानपणी आमचं बोट कापलं, कान फुटला, शाळेत हस्तकलेचा ससा करायला सांगितला, की कापूस त्या पेटीतून यायचा. वडील जाऊन नऊ वर्षं झाली होती तरी पेटी निम्मी भरलेली होती. एवढा कापूस आपल्याकडे का, असा प्रश्न मला कधी पडला नाही. तो सगळ्यांच्याच घरी असतो अशी माझी समजूत होती.

"खाट कशाला बाहेर?" आईने विचारलं. ती बाहेरच्या खोलीत झोपायची.

"उकडतं," मी म्हणालो.

"हं," आई म्हणाली. "पेटीवर पाय नको देऊस."

पलंगापासून खाटेपर्यंत, मधली भिंत धरून, साडेअकरा फूट भरलं. मी ते मोजलं नाही असं म्हणणार नाही.

पहिल्या दोन दिवसांत सगळ्या इमारतीला कळलं. आमच्या वर एक निवृत्त हेडमास्तर राहायचे. त्यांची खिडकी नेमकी आमच्या गॅलरीवर. आयुष्यभर भाषा शिकवलेला माणूस. दुकानाच्या पाटीवर ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर आत जाऊन मालकाला उभं करायचे. ते मला जिन्यात गाठून म्हणाले, "मोजणीदार, संसारात भांड्याला भांडं लागतंच. पण म्हणून भांडं गॅलरीत ठेवत नाहीत." तळमजल्यावरच्या शिवणकामवाल्या बाईंनी हिला बोलावून सांगितलं, की पुरुष एकदा गॅलरीत गेला की त्याच्या पुढची पायरी रस्ता. मी दोन्हीकडे गप्प राहिलो. वैद्यकीय बाब होती, आणि खासगी.

पण हिने बोलणंच सोडलं. तिसऱ्या दिवशी आमटीत मीठ दोनदा पडलं. चौथ्या दिवशी दुपारी ती खाटेच्या कडेला येऊन बसली आणि गजांकडे बघत म्हणाली, "मी अशी पिवळी पडले म्हणून का?"

"काय म्हणून?"

"म्हणून टाकलंत का मला?"

"अगं, तुझ्याचसाठी! डॉक्टरीणबाईंनीच सांगितलंय. तीन वर्षं अंतर ठेवा म्हणून."

ती उठली, बाळाला खांद्यावर घेतलं, माझ्या मनगटाला धरलं आणि तशीच मला दवाखान्यात घेऊन गेली. चुकलेलं पोर सापडल्यावर पोलीसचौकीत नेतात तशी.

"अहो, मुलांत!" डॉक्टरीणबाई ओरडल्या. तार करणाऱ्या बाई, पण त्या दिवशी चांगलं लांबलचक बोलल्या. "दोन मुलांमध्ये अंतर! नवराबायकोत नव्हे! काय माणूस आहे!" दार उघडंच होतं. बाहेरच्या बाकावर आठ बायका होत्या. सात हसल्या. आठवीला टाके होते, तिने पोट धरून हाताने 'नको, नको' अशी खूण केली.

मग बाईंनी नीट समजावलं. ही अंगावर पाजत होती, म्हणून गोळ्या इतक्यात नकोत. तांबी बसवली तर पाळीला जास्त जाईल, आणि इथे आधीच रक्ताची बोंब. "तेव्हा आता उरता तुम्ही," त्या म्हणाल्या. "कंडोम वापरायचा. दर वेळी. विसरायचं नाही. कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतो."

हा शब्द त्यांनी कांदेबटाटे म्हणावं इतक्या सहज उच्चारला. मी तो तोपर्यंत माणसाच्या तोंडून ऐकलाच नव्हता. भिंतीवर वाचला होता, तोही चालता चालता.

"चिठ्ठी द्याल?" मी विचारलं.

"चिठ्ठी लागत नाही त्याला."

"तरीपण द्या ना."

"का? तोंड आहे ना तुम्हाला?"

परत येताना ही म्हणाली, "तुम्हाला जमणार नसेल तर मी जाते." मी छाती काढून म्हणालो, "घरात पुरुषमाणूस असताना तू कशाला?" हे वाक्य उच्चारल्याचा पश्चात्ताप मला पुढे अनेकदा झाला.

कोपऱ्यावरचा औषधवाला फार मायाळू माणूस. हाच त्याचा दोष. आजार ऐकून घेतल्याशिवाय तो साधी पट्टीसुद्धा द्यायचा नाही. कुणाला, कधीपासून, आधी काय घेतलं, रात्री वाढतं का. आणि ऐकलेलं विसरायचा नाही. दुकानात काउंटरच्या उजव्या हाताला एक स्टूल होतं, त्यावर हेडमास्तर बसून दुकानातलं वर्तमानपत्र फुकट वाचायचे आणि छपाईच्या चुकांवर लाल खुणा करायचे.

मी आत शिरलो. वाक्य घरून घोकून आलो होतो. "मला ते द्या," असं वाक्य होतं. 'ते' म्हणजे काय हे तो समजून घेईल असा माझा हिशेब.

"मला ते द्या," मी म्हणालो.

"कोणतं?" औषधवाला म्हणाला. हेडमास्तरांनी वर्तमानपत्र खाली केलं.

समोर काचेच्या कपाटात पुठ्ठ्याचा एक कापलेला पाय उभा होता, आणि त्याच्या गुडघ्यावर तपकिरी रंगाचा लवचिक पट्टा. माझं बोट आपोआप तिकडे गेलं.

"अरेरे," औषधवाला कळवळून म्हणाला. "कुठला?"

"उजवा."

"कधीपासून?"

"हल्लीच."

"रात्री वाढतं?"

"वाढतं," मी म्हणालो, आणि मग दुकानाच्या पायऱ्या लंगडत उतरण्यावाचून मला गत्यंतर नव्हतं. दोघांच्या नजरा कोपऱ्यापर्यंत माझ्या पाठीवर होत्या.

घरी हिने पुडकं उघडलं. पट्टा दोन्ही हातांनी ताणून पाहिला. उलटा करून पाहिला. मग गंभीर चेहऱ्याने म्हणाली, "बाईंच्या सांगण्यावरून मला वाटलं होतं, लहान असेल."

आणि ती हसली. बाळंतपणानंतर पहिल्यांदाच अशी हसली, भिंतीला टेकून, दम लागेपर्यंत. माझ्या अब्रूचे धिंडवडे निघत होते, तरी खरं सांगतो, ते हसणं ऐकून मला बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी हेडमास्तरांनी त्यांची जुनी काठी आणून दिली. शिवणकामवाल्या बाईंनी गरम वाळूच्या शेकाची पुरचुंडी शिवून पाठवली. औषधवाला रस्त्यात दिसला की हातातलं काम टाकून विचारायचा, "उतार आहे का?" मी एकदा 'आहे' म्हणालो तर तो इतका खूश झाला की दुसरा पट्टा, डाव्यासाठी, घ्यायचा आग्रह करू लागला, रोग पलीकडे सरकू नये म्हणून. लंगडण्याचंही एक शास्त्र असतं. सकाळी ऑफिसला जाताना उजवा, संध्याकाळी दमून येताना चुकून डावा. हेडमास्तरांनी खिडकीतून हटकलं, "मोजणीदार, काल उजवा होता ना?" मी म्हणालो, "आळीपाळीने दुखतात." तुम्ही म्हणाल, सरळ दुसऱ्या गल्लीतल्या दुकानात का नाही गेलो? गेलो ना. दोनदा गेलो. एकदा तिथे माझी आतेबहीण उभी होती. दुसऱ्यांदा कुणीच नव्हतं, आणि काउंटरमागे एक तरुण मुलगी होती. मी खोकल्याचं औषध घेऊन आलो.

ऑफिसात आमच्या हेडक्लार्कला सगळे नियमबुवा म्हणायचे. माणसाला ठेच लागली तर हे आधी कलम शोधणार. त्यांनी माझी काठी पाहिली आणि साहेबांकडे टिपण ठेवलं, की सदर कर्मचारी गुडघ्याने अधू झाल्यास जागेवर जाऊन मोजणी कशी करणार. साहेबांनी मला बोलावलं. "गुडघा कंडम झाला असेल तर तसं प्रमाणपत्र आणा," ते म्हणाले. "नसेल झाला तर नसल्याचं आणा." आमच्याकडे मोडकी खुर्ची, सैल झालेली फीत, गंजलेली साखळी अशा टाकाऊ मालाला 'कंडम' म्हणत. त्या यादीत माझा अवयव गेलेला ऐकून मला वाईट वाटलं. तीन प्रतींत अर्ज झाला. प्रमाणपत्र येईपर्यंत मला जागेवर जाणं बंद, रेकॉर्ड रूममध्ये बसून जुने नकाशे उलगडून पुन्हा गुंडाळायचे.

खाट आत आली होती. पण वस्तू आली नव्हती. ही रोज विचारायची नाही. आठवड्यातून एकदा नुसतं बघायची. आणि एका रविवारी दुपारी दोन्ही पोरं एकाच वेळी झोपली, असं पुन्हा कधी घडलं नाही, आणि आम्ही दोघंही गाफील राहिलो. याहून जास्त तपशील मोजणीच्या कागदावर येत नाही.

पुढच्या महिन्यात हिची पाळी चुकली.

पहिले तीन दिवस आम्ही दोघं त्याबद्दल बोललोच नाही. पाचव्या दिवशी ती भाजी चिरता चिरता थांबली आणि म्हणाली, "थोरलीची वेणी घालता येईल एवढे केस अजून नाहीत." मी म्हणालो, "येतील की." ती म्हणाली, "तेवढं तरी बघायचंय मला." एवढंच म्हणून ती पुन्हा चिरायला लागली. सुरीचा आवाज मला अजून ऐकू येतो. त्या दिवशी मी ऑफिसला काठी न घेता, दोन्ही पायांनी सरळ चालत गेलो, आणि कुणाच्या ते लक्षातही आलं नाही.

आठव्या दिवशी माझी वैद्यकीय तपासणी होती. खात्याने नेमलेल्या डॉक्टर कोण, तर त्याच. गावात दुसरं कोण होतं?

डॉक्टरीणबाईंनी अर्ज वाचला, माझ्याकडे पाहिलं, आणि गुडघा दाबला. "दुखतं?"

"नाही."

"इथे?"

"नाही."

"मग पट्टा कशाला?"

मी सांगितलं. सगळं सांगितलं. दुकान, पुठ्ठ्याचा पाय, हेडमास्तर, नियमबुवा. आधी त्या हसल्या, चष्मा काढून डोळे पुसण्याइतकं. मग मी रविवारचं सांगितलं, आणि चुकलेली तारीख सांगितली. त्यांचं हसू एकदम गेलं.

"किती दिवस झाले?"

"आठ."

"अजून आठवडाभराने लघवी तपासायला आण तिला," त्या म्हणाल्या. रागाने मला एकेरी केलं होतं. "त्याआधी चक्कर आली, दुखलं, रक्त गेलं, तर ताबडतोब. अर्ध्या गल्लीला लंगडून दाखवलंस, पण एक शब्द तोंडातून निघाला नाही!" त्यांनी प्रमाणपत्रावर लिहिलं, 'गुडघ्यात दोष नाही', सही केली, आणि कागद माझ्या हातात देताना म्हणाल्या, "गुडघा उत्तम आहे. अक्कलही तिथेच आहे, पण तो रकाना फॉर्मात नाही."

मी तडक कोपऱ्यावरच्या दुकानात गेलो. आता लाज गेली खड्ड्यात, असं वाटेत चार वेळा मोठ्याने म्हणालो. पायऱ्या ताडताड चढलो. औषधवाला होता, हेडमास्तर स्टुलावर होते.

"मला..." मी म्हणालो.

"पट्टा सैल झाला?" औषधवाला म्हणाला.

"नाही, मला..."

"शेक घेताय ना, मोजणीदार?" हेडमास्तर म्हणाले.

आणि मी, देव मला क्षमा करो, म्हणालो, "हो, घेतोय."

"याला काही झालेलं नाही," मागून आवाज आला. "सरक रे."

आई होती. बाहेर जायच्या चपला, हातात कापडी पिशवी. ती धापा टाकत पायरी चढली, मला कोपराने बाजूला केलं आणि पिशवी काउंटरवर पसरली.

"कंडम द्या," आई म्हणाली.

औषधवाल्याचा चेहरा पडला. एवढा मायाळू माणूस, पण त्यालाही मान होता. "मावशी," तो दुखावून म्हणाला, "वडिलांच्या वेळेपासूनचं दुकान आहे. इथे कंडम माल मिळत नाही. बाटलीवरची तारीख बघून घ्या."

"अरे, तसलं नाही. ते पुरुषाचं. कंडम."

दोन गिऱ्हाइकं आणखी होती. त्यांनी छताकडे बघायला सुरुवात केली. आणि हेडमास्तरांमधला शिक्षक गप्प राहू शकला नाही.

"वहिनी," ते म्हणाले, "'ड'ला काना-मात्रा. कंडोम."

"हां. तेच. काना-मात्रेसकट द्या," आई म्हणाली. "आणि थोडेथोडके नकोत. याला पुन्हा यायला वर्ष लागेल."

औषधवाला विरघळला. खालचा खण ओढून त्याने पाकिटं काढली. "एवढंच होतं तर सांगायचं नाही का?" तो मला म्हणाला. "यात लाजायचं काय? हे हेडमास्तर वीस वर्षं इथूनच न्यायचे."

हेडमास्तरांनी वर्तमानपत्राची घडी केली. "मी फक्त उच्चारापुरतं बोललो," ते म्हणाले आणि निघून गेले.

परत येताना आई अर्ध्या वाटेत एका बंद दुकानाच्या पायरीवर टेकली. मी पिशवी धरून उभा. सुनेला सकाळी जिन्यात चक्कर आली होती. आईने तिला पाणी दिलं, खोदून विचारलं, आणि तिने सगळं सांगून टाकलं होतं. मला वाटलं, आता तोफ सुटणार. पण आईने पिशवीकडे बोट केलं.

"हे तेव्हाही मिळायचं," ती म्हणाली. "या औषधवाल्याचा बाप बसायचा दुकानात. दवाखान्यातली नर्स मला सांगायची, नवऱ्याला आणायला सांग. मी सांगायचे. तुझे वडील जायचे. माणूस भला रे, कधी नाही म्हणाले नाहीत. शर्ट बदलून जायचे."

तिने पदराने कपाळ पुसलं.

"आणि कापूस घेऊन यायचे."

माझ्या हातातली पिशवी मी दुसऱ्या हातात घेतली.

"प्रत्येक वेळी?" मी विचारलं.

"प्रत्येक वेळी. दुकानात गेले की तोंडाला कुलूप. मग काहीतरी न्यायला हवं म्हणून कापूस. तुझ्याआधी तीन झाली, तुझ्यानंतर चार. आठांतले राहिलात तुम्ही दोघं, ताई आणि तू. शेवटच्या खेपेला मी अकरा दिवस शुद्धीत नव्हते. तुला मावशीकडे पाठवलं होतं. आठवतं?"

मला मावशीकडचे दिवस आठवत होते. तिच्या अंगणातला झोपाळा, आणि 'आई हवापालटाला गेलीय' असं सांगून सगळ्यांनी माझे नको तेवढे लाड केलेले. मी नऊ वर्षांचा होतो आणि मला ती सुट्टी फार आवडली होती.

"लाज त्यांची होती," आई म्हणाली, "आणि पोट माझं." मग ती गुडघ्यांवर हात टेकून उठली. तिचे गुडघे खरोखर दुखायचे. ते कुणी विचारलं नव्हतं.

नवव्या दिवशी नाही, दहाव्याही नाही, अकराव्या दिवशी सकाळी ही न्हाणीघरातून बाहेर आली आणि दारातच खाली बसून रडायला लागली. मी धावलो. ती रडता रडता मान हलवत होती आणि हसत होती. आली होती. अशक्तपणाने लांबली होती, एवढंच. आईने बाहेरच्या खोलीतून विचारलं, "काय झालं?" आणि ही ओरडली, "काही नाही झालं, आई! काहीच नाही झालं!" आमच्या घरात इतकी आनंदाची बातमी त्याआधी आणि त्यानंतर दुसरी ऐकलेली मला आठवत नाही.

पुढच्या वेळी मी स्वतः गेलो. शब्द काना-मात्रेसकट उच्चारला. औषधवाल्याने सवयीने विचारलं, "कुणाला?" मी म्हणालो, "मला." तीन वर्षं तसाच जात राहिलो. हिचं रक्त साडेनऊ झालं, अकरा झालं, एकदा बारा भरलं तेव्हा डॉक्टरीणबाईंनी कागदावर आकड्याभोवती गोल काढला. तीन वर्षं सरली तेव्हा मी तिला विचारलं. "दोन पुरेत," ती म्हणाली. थोरलीची वेणी घालत होती. विषय संपला.

गल्लीला मात्र गुडघाच लक्षात राहिला. हेडमास्तरांची काठी परत करायला गेलो तर म्हणाले, "राहू द्या, पुन्हा लागेल." तेही गेले, औषधवालाही गेला. मग आई गेली. थोरलीला तिच्या आईने लग्नाआधी सगळं सांगितलं, स्वयंपाकघरात, मोठ्याने, मी बाहेर पेपर वाचत असताना.

धाकट्याच्या लग्नाच्या आठवडाभर आधी मी त्याला म्हणालो, "चल, कोपऱ्यापर्यंत." पाच फूट दहा इंचांचा बाप्या, दोन पदव्या घेतलेला. दुकानात आता औषधवाल्याचा मुलगा बसतो. मी धाकट्याला पुढे केलं. त्याने तोंड उघडलं, मिटलं. कानाची पाळी लाल झाली. आणि हळूहळू त्याची नजर काचेच्या कपाटाकडे वळली. पुठ्ठ्याचा पाय अजून तिथेच उभा आहे.

मी त्याचा खांदा धरून त्याला सरळ केलं. "तिकडे बघू नकोस," मी म्हणालो. "समोर बघ आणि माग."

त्याने मागितलं.

गॅलरीतली पेटी अजून आहे. कापूस बराचसा नातवंडांच्या सशांना गेला, पण निळ्या कागदातली एक गुंडाळी हिने फोडू दिलेली नाही. तिच्या शेजारी माझा पट्टा आहे. परवा पेटी पुसताना मी हिला म्हणालो, "अजून पुष्कळ जागा आहे पेटीत." ती म्हणाली, "असू दे रिकामी," आणि झाकण लावलं.